नगण्य

गळ्यातल्या पट्ट्यावर फोटो माझाच, नाव तेवढं चुकलंय:
ब्रायनीच्या जागी ब्रायन.
फाटकावरचा माणूस म्हणाला, बदलायला सहा आठवडे,
वर्षभरासाठी तर आलीयस, कसली घाई.

तर मी ब्रायन. वित्त विभाग, चौथा मजला.
खिडकीखाली मर्सी नदी, ओहोटीला नुसता चिखल,
आणि जिन्यापासून फायलींपर्यंत सगळ्याला साबणाचा वास.
घरी पोचले की आई हुंगून म्हणते,
चला, एक तरी पोर स्वच्छ निघालं.

पहिले दोन महिने हेच शिकण्यात गेले,
की कुणाच्या चहात दूध आधी, कुणाच्या नंतर,
आणि महिनाअखेर म्हणजे महिन्याचा शेवट नव्हे,
पुढल्या महिन्याचे पहिले पाच दिवस,
जेव्हा कुणी कुणाशी बोलत नाही
आणि बेरिलच्या खणातली आल्याची बिस्किटं संपतात.

बेरिल इथे बेचाळीस वर्षं आहे.
तिनं मला एक शब्द नीट शिकवला: नगण्य.
पाच हजार पौंडांच्या आतला फरक नगण्य.
त्याच्यामागे धावायचं नसतं, बाळा,
ऑडिटरसुद्धा धावत नाहीत.
मी मनातल्या मनात मांडून पाहिलं:
माझा महिन्याचा पगार त्या रेषेच्या कितीतरी खाली,
आईचा माझ्याहूनही थोडा कमी.
म्हणजे आमच्या घरात आजवर
दखल घेण्याजोगं काही घडलेलंच नाही.

नोव्हेंबरात डेस्मंडसाहेबांनी यादी दिली,
जुने, बारीकसारीक पुरवठादार. तीनशे बारा नावं.
शक्य तितकी खोड, म्हणाले.
कुंड्यांना पाणी घालणारे. खोडले.
भिंतीवरच्या घड्याळांना वर्षातून दोनदा
तासभर पुढे-मागे करणारा. खोडला.
हात बसला की बरं वाटायला लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.
मग दोनशे सोळावा: एच. ट्रँटर,
चौसष्ट पौंड, दर सहा महिन्यांनी,
खातं: यंत्रसामग्रीची देखभाल.
कुठलं यंत्र? मजल्यावर कुणालाच ठाऊक नाही.
फोन लावला. पलीकडे एक म्हातारा, तोंडात घास.
"पियानो," तो म्हणाला. "मंगळवारी येतोच आहे."

जुनं कँटीन आता बिघडलेल्या प्रिंटरांचं गोदाम.
त्यांच्या मागे, भिंतीला टेकून, चादरीखाली तो.
ट्रँटरनं झाकण उचललं, आत डोकं घातलं
गाडीच्या बॉनेटमध्ये घालतात तसं,
आणि एकच पट्टी वाजवत राहिला,
वाजवायचा, किल्ली जराशी पिळायचा, वाजवायचा.
दोन तारा एकमेकींपासून केसभर लांब,
केसभर,
मग नाहीत.
मला गाण्यातलं काही कळत नाही,
पण तीन दिवस न जुळणारा ताळा जुळतो
आणि फरकाच्या चौकटीत शून्य येतं, ते मला कळतं.

वाजवतं कोण? मी विचारलं.
"वाजवण्याचे पैसे मला कुणी देत नाही,
वाजला पाहिजे एवढ्याचेच देतात," तो म्हणाला,
आणि मग जरा ओशाळून:
"गाडी लावायचे चार पौंड या खेपेला बिलात धरू का?"

वर आले. बेरिल पडद्यावरची नजर न काढता बोलली,
नाताळच्या आदल्या आठवड्यात रात्रपाळीच्या बायका गायच्या,
जेवायच्या सुट्टीत, टोप्या न काढता.
रात्रपाळी गेली एकोणनव्वद साली.
मी विचारलं, तुम्ही वाजवायचात?
ती म्हणाली, पाच तारीख आहे आज, पोरी, कामाला लाग.

खात्याची मूळ नोंद उघडली.
नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं: बी. एच.
मी खिडकी बंद केली.

संध्याकाळी यादी परत पाठवली,
एक ओळ न खोडलेली,
शेरा: नगण्य.
आणि अडुसष्ट पौंड मंजुरीला टाकले.

डेस्मंडसाहेबांनी उभ्या उभ्या नजर फिरवली,
माझ्या पट्ट्याकडे पाहिलं, म्हणाले,
छान काम, ब्रायन.